टॉमच्या घरातली बाई कुठे गेली?

‘माउस क्लीनिंग’ हा 1948 सालचा टॉम अँड जेरीपट. घरातल्या बाईने नुकतीच फरशी पुसली आहे. आपण परत येईपर्यंत कुठे डाग दिसला तर या घरात एक मांजर कमी होईल, असा दम टॉमला भरून ती बाहेर पडते. पुढे जे व्हायचं तेच होतं. जेरी घाण करत सुटतो, टॉम पुसत सुटतो, आणि शेवटी कोळशाची अख्खी गाडी घरात रिकामी होते. ढिगाऱ्यातून टॉमचं डोकं वर येतं ते काळंकुट्ट होऊन, आणि तो एकदम रेंगाळत, ओढून ओढून बोलायला लागतो. हॉलिवुडने काळ्या माणसाला ‘आळशी, बावळट’ दाखवण्यासाठी जी बोली ठरवून टाकली होती, ती ही. त्याआधीचा सगळा चित्रपट विनोदाच्या कारागिरीचा उत्तम नमुना आहे. शेवटच्या त्या काही सेकंदांना मात्र आज मोकळेपणाने हसता येत नाही.

2013 मध्ये हक्कदार वॉर्नर कंपनीने या मालिकेच्या ‘गोल्डन कलेक्शन’चा दुसरा डिस्क-संच जाहीर केला, त्यातून हा चित्रपट आणि 1951 चा ‘कॅसानोव्हा कॅट’ असे दोन चित्रपट वगळले. चाहत्यांनी गदारोळ केला आणि तो संच रखडला तो रखडलाच. ‘संग्रह’ म्हणायचं आणि नको ते काढून ठेवायचं, यावरचा तो राग मला समजतो. पण त्या वादात एक गोष्ट कोणी फारशी बोलत नव्हतं, आणि मला ती वगळण्यापेक्षा जास्त गंभीर वाटते. ती म्हणजे या चित्रपटांतल्या त्या बाईचं पुढे काय केलं गेलं.

गुडघ्यापर्यंत दिसणारे जाड पाय, घरात घालायच्या सपाता, हातात झाडू आणि ‘टॉमस!’ ही हाक. चित्रकारांमध्ये तिचं नाव ‘मॅमी टू शूज’ असं रूढ होतं; ‘मॅमी’ म्हणजे गोऱ्यांच्या घरात राबणारी काळी मोलकरीण. 10 फेब्रुवारी 1940 ला प्रदर्शित झालेल्या ‘पस गेट्स द बूट’ या पहिल्याच चित्रपटात ती आहे. तेव्हा टॉमचं नाव टॉमही नव्हतं, जॅस्पर होतं, आणि उंदराला पडद्यावर नावच नव्हतं. म्हणजे ही बाई या दोघांच्या नावांपेक्षाही जुनी. याच पहिल्या चित्रपटात ‘आणखी एक वस्तू फोडलीस तर घराबाहेर’ अशी तंबी ती देते, आणि त्या तंबीवर पुढची कितीतरी कथानकं उभी राहिली. ती नसती तर मांजराला उंदराची भीती वाटण्याचं कारणच उरलं नसतं. उंदराच्या हातातलं खरं हत्यार म्हणजे ‘ती येईल’ हा धाक.

याच महिन्याच्या शेवटी, 29 फेब्रुवारीला, लॉस एंजेलिसच्या अँबॅसेडर हॉटेलात ऑस्करचा समारंभ झाला. ‘गॉन विथ द विंड’मधल्या मॅमीच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियल यांना सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. तिला बसवलं होतं चित्रपटाच्या बाकीच्या कलावंतांपासून दूर, भिंतीलगतच्या वेगळ्या टेबलावर, कारण त्या हॉटेलात काळ्यांना प्रवेशच नव्हता. कार्टूनमधल्या मॅमीचा चेहरा का दाखवला नाही, यामागे चित्ररचनेचं कारण आहे हे मला मान्य आहे. मांजराच्या उंचीवरून जग दाखवायचं तर माणसं पायांपुरतीच दिसणार. पण त्या फेब्रुवारीत अमेरिकेत काळ्या बाईला घरात आणि सभागृहात कुठे उभं राहायची मुभा होती, हे माहीत असलं की तो कॅमेऱ्याचा कोन इतका निरागस राहत नाही.

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएम स्टुडिओसाठी 1940 ते 1958 या काळात या मालिकेचे 114 लघुपट केले. सात ऑस्कर मिळाले, आणि ते स्वीकारायला निर्माते फ्रेड क्विम्बी पुढे जात. हा श्रेयाचा वेगळाच किस्सा आहे, तो पुन्हा कधीतरी. स्कॉट ब्रॅडलीचं संगीत हाच या चित्रपटांचा संवाद. टॉमची ती जगप्रसिद्ध किंकाळी स्वतः हॅनाच्या गळ्यातली. जवळजवळ मुक्या असलेल्या या जगात पूर्ण वाक्यं बोलणारं नेहमीचं माणूस म्हणजे ही बाई, आणि तिचा आवाज लिलियन रँडॉल्फ या अभिनेत्रीचा. रेडिओवरच्या ‘द ग्रेट गिल्डरस्लीव्ह’मधली बर्डी हीच, ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’मधली ॲनीही हीच. आधी लाडीगोडी, मग संशय, मग एका श्वासात आकाशपाताळ एक करणारा संताप, हे सगळं ती फक्त आवाजात करते. श्रेयनामावलीत तिचं नाव नाही.

आता आक्षेपाकडे. तो खरा आहे, आणि ‘आजकाल लोक फार हळवे झालेत’ म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. या बाईची बोली मोडकीतोडकी इंग्रजी म्हणून हसण्यासाठीच लिहिली आहे. स्फोट झाला की टॉमचं तोंड काळं होऊन ओठ जाड होणार आणि प्रेक्षक हसणार, हा विनोद या मालिकेत पुन्हा पुन्हा येतो. गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून काळ्यांची नक्कल करण्याची जी ‘मिन्स्ट्रेल’ परंपरा अमेरिकी रंगमंचावर शतकभर चालली, तिचाच हा कार्टूनमधला अवशेष. ‘कॅसानोव्हा कॅट’मध्ये सिगारच्या धुराने जेरीचं तोंड काळं करून त्याला तापलेल्या ताटावर नाचायला लावलं आहे. ‘हिज माउस फ्रायडे’मधल्या नरभक्षकांबद्दल तर न बोललेलंच बरं.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. मुंबईच्या मध्यमवर्गीय नाटकांतला आणि सिनेमातला ‘रामा गडी’ आठवा. मालवणी हेल काढला की हशा, निरोप चुकीचा सांगितला की टाळी. नट बहुतेकदा अव्वल असे, टायमिंग बिनतोड असे, आणि प्रेक्षागृहात हसणाऱ्यांच्या घरी कामाला असलेला खरा रामा मात्र तिकीट काढून आत बसलेला नसे. नटाचं कौशल्य आणि भूमिकेतला अपमान हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. रँडॉल्फबद्दल बोलताना यातलं एक सोडून चालत नाही.

अमेरिकेत काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेने हॉलिवुडमधल्या अशा भूमिकांविरुद्ध 1940च्या दशकात सतत आवाज उठवला, आणि दशकाच्या शेवटी ही मॅमीही त्या रोषाच्या तडाख्यात आली. 1952च्या ‘पुश-बटन किटी’नंतर ती मालिकेतून गेली. दोनच वर्षांत त्या घरात जॉर्ज आणि जोन हे गोरं तरुण जोडपं राहायला आलं. मागणी काय होती? काळ्या कलावंतांना माणसासारख्या भूमिका द्या. मिळालं काय? भूमिकाच गेली. मोलकरणीच्या जागी काळी शिक्षिका आली नाही, काळी शेजारीण आली नाही. स्टुडिओने आंदोलनाचं म्हणणं ऐकलं ते स्वतःला सोयीचं होतं तेवढंच.

पण मूळ चित्रपट तरी जसेच्या तसे होते. 1965 मध्ये सीबीएस वाहिनीवर शनिवारच्या सकाळी ते दाखवायचे ठरले आणि तिथून पुढची गोष्ट सुरू झाली. एमजीएमच्या ॲनिमेशन विभागाची सूत्रं तेव्हा चक जोन्सकडे होती. त्याच्या चमूने जुन्या चित्रपटांतली मॅमी चौकटीगणिक पुसून काढली आणि तिच्या जागी रेखाटली एक गोरी बाई. रँडॉल्फचा आवाज काढला, त्या जागी जून फोरे या अभिनेत्रीचा आयरिश ढंगाचा आवाज घातला. आयरिशच का? कारण एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी घरांत आयरिश मोलकरीण हीच आधीची ठरावीक थट्टामूर्ती होती. म्हणजे एका समाजाची टिंगल काढली आणि तिथे दुसऱ्या समाजाची, थोडी शिळी झालेली टिंगल आणून ठेवली. झाडू तोच, तंबी तीच, घर तेच.

यातलं ‘सॅटर्डे इव्हनिंग पस’चं उदाहरण मला सगळ्यात जास्त खुपतं. 1950च्या या चित्रपटात मॅमी नटूनथटून, दागिने घालून, शनिवारी संध्याकाळी ब्रिज खेळायला बाहेर पडते. तिला मैत्रिणी आहेत, तिचा स्वतःचा वेळ आहे. टॉम तीन मांजरांना बोलावून घरात जॅझचा दंगा घालतो, झोपमोड झालेला जेरी तिला फोन करतो आणि ती पत्त्यांचा डाव टाकून धावत सुटते. तिचा चेहराही काही चौकटींपुरता दिसून जातो. संपूर्ण मालिकेत ती सगळ्यात कमी ‘मोलकरीण’ कुठे असेल तर इथे. टीव्हीसाठीच्या आवृत्तीत तिच्या जागी आली एक सडपातळ गोरी तरुणी. वंशभेदाची लाज झाकायला निघालेल्यांनी पुसलं काय, तर काळ्या बाईला स्वतःचं आयुष्य देणारा चित्रपट. कारण त्यांच्या लेखी खुपत होता तो अपमान नव्हे, तर तिचं तिथे असणं. दक्षिणेकडच्या राज्यांत वाहिनीला कटकट नको, जाहिरातदाराला तक्रार नको, एवढाच हिशेब असेल तर काळी बाई पुसणं हा सगळ्यात स्वस्त उपाय होता. नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात असताना हे घडलं, आणि त्यालाच सुधारणा म्हटलं गेलं.

पुढे 1986 मध्ये टेड टर्नरने एमजीएमचा जुना चित्रसंग्रह विकत घेतला. 1990च्या दशकात त्याच्या कंपनीने आणखी एक दुरुस्ती केली. चित्र मॅमीचंच ठेवलं, पण रँडॉल्फच्या जागी थिया व्हिडेल या कृष्णवर्णीय विनोदी अभिनेत्रीकडून सौम्य, बोलीचे कंगोरे घासलेले संवाद बोलून घेतले. हेतू पहिल्यापेक्षा बरा होता. तरी परिणाम असा झाला, की जगभरच्या एका पिढीने रँडॉल्फचं शरीर पाहिलं नाही ते नाहीच, आवाजही ऐकला नाही. आपल्याकडे कार्टून नेटवर्क 1995 मध्ये आलं, तेव्हापासून दुपारच्या शाळेआधी जेवता जेवता टॉम अँड जेरी पाहणाऱ्या मुलांनी नक्की कोणती आवृत्ती पाहिली हे त्यांना कोणी सांगितलं नाही. आपल्यातल्या कित्येकांना ती बाई घराची मालकीणच वाटायची. तसं वाटण्यात गैर काही नव्हतं. ‘पार्ट टाइम पाल’मध्ये ती त्याच घरात ऐसपैस पलंगावर झोपलेली असते आणि दारूच्या नशेतला टॉम तिच्यावर बर्फाचं पाणी ओततो. पण मालकीण समजून पाहणं वेगळं, आणि कोणी तरी काहीतरी बदलून ठेवलंय हे न कळता पाहणं वेगळं.

या सगळ्याला सरसकट ‘सेन्सॉर’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. एखादा चित्रपट लहान मुलांच्या वाहिनीवर न दाखवणं हा संपादकीय निर्णय आहे आणि तो घ्यायचा वाहिनीला पूर्ण अधिकार आहे. चार वर्षांच्या मुलाला मिन्स्ट्रेल परंपरेचा इतिहास माहीत नसतो. त्याला एवढंच कळतं की तोंड काळं झालं की हसायचं. आणि काळ्या मुलाने, हॉलिवुडचा इतिहास समजावा म्हणून, शनिवारी सकाळी स्वतःची थट्टा का पाहत बसावं? हे कुणी मला विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून ‘सगळं सगळ्यांना दाखवा’ या बाजूने मी नाही. काही सेकंद कापले, तर तेही चालेल, फक्त कापले आहेत असं सांगा. पण जे होतं त्याच्या जागी दुसरंच काढून ‘हेच मूळ’ म्हणून दाखवणं याला माझ्या मते खोटेपणाच म्हणायला हवं. वगळलेल्या चित्रपटाची निदान रिकामी जागा दिसते, कोणी तरी विचारतो की दुसरा संच का आला नाही. बदललेल्या चित्रपटाबद्दल कोणी विचारतच नाही.

आता पाट्यांचं. वॉर्नरने डीव्हीडी संचांवर इशारा छापायला सुरुवात केली. 2005च्या एका संचात कृष्णवर्णीय अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग यांचं छोटं निवेदन घातलं: हे चित्रण चुकीचं आहे, पण ते काढून टाकणं म्हणजे हा पूर्वग्रह कधी नव्हताच असं म्हणण्यासारखं आहे. भूमिका स्वच्छ होती, आणि आठच वर्षांनी त्याच कंपनीने ती दोन चित्रपट वगळून स्वतःच मोडली. 2014 मध्ये ॲमेझॉनवर या मालिकेला लावलेल्या इशाऱ्याची बातमी जगभर झाली. त्यात हे पूर्वग्रह अमेरिकी समाजात एके काळी सर्रास होते, ते तेव्हाही चुकीचे होते आणि आजही आहेत, अशा अर्थाचं वाक्य होतं. नेहमीप्रमाणे दोन तट पडले. एकाला तो अतिरेक वाटला, दुसऱ्याला अपुरा.

मला त्यात खटकतो तो ‘सर्रास होते’ हा भाग. सर्रास कोणात? त्या काळी या चित्रणाला हरकत घेणारे होते, संघटित होते, लेखी निषेध करत होते, आणि एमजीएमला ते ठाऊक होतं. ‘त्या काळी असंच चालायचं’ म्हणताना त्या काळाच्या माणसांत फक्त गोऱ्या प्रेक्षकांची गणना होते. निषेध करणारे जणू आपल्या काळातून तिकडे गेले होते. काळाच्या नावावर पावती फाडली की स्टुडिओची जबाबदारी संपते, कारण काळावर खटला भरता येत नाही. पाटी लावायचीच तर नीट लावा: हे चित्र अमुक साली आलं, तेव्हाच त्याला अमुक लोकांनी हरकत घेतली होती, कंपनीने ती इतकी वर्षं ऐकली नाही, आणि नंतर चित्रात हे हे बदल केले. अशी पाटी वाचून मुलाला काही कळणार नाही, पण त्याच्या शेजारी बसलेल्या बापाला कळेल.

पाट्यांची आपल्याला सवय आहे. पडद्यावर कोणी सिगारेट पेटवली की कोपऱ्यात धूम्रपानाचा इशारा उमटतो. 2013 मध्ये अमेरिकी दिग्दर्शक वुडी ॲलन यांनी याच इशाऱ्याला नकार देऊन ‘ब्लू जॅस्मिन’ भारतात लागूच दिला नाही. टॉमही यातून सुटलेला नाही. 2006 मध्ये ब्रिटनमध्ये एका प्रेक्षकाने ‘टेक्सास टॉम’ आणि ‘टेनिस चंप्स’मधल्या धूम्रपानाबद्दल ऑफकॉम या नियामकाकडे तक्रार केली, आणि टर्नरच्या कंपनीने पंधराशेहून जास्त जुनी कार्टून्स तपासायला घेतली. तोंडावर इस्त्री बसली, शेपूट विजेच्या सॉकेटमध्ये गेली, डायनामाइट गिळलं, तरी हरकत नाही, पण तोंडात विडी नको. हसू येतं खरं, तरी यातली एक गोष्ट चांगली होती. तक्रार नोंदली गेली, निर्णय जाहीर झाला, कुठली दृश्यं कापणार हे लोकांना कळलं. मॅमीच्या बाबतीत 1965 मध्ये यातलं काहीच झालं नव्हतं.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप वजनदार आहे. इतिहासाच्या नावाखाली हे सगळं जपून ठेवायला सांगणारे बहुधा ते असतात ज्यांच्यावर हा विनोद केलेला नव्हता. मीही त्यांतलाच. मुंबई-पुण्यात बसून अमेरिकेतल्या काळ्या समाजाने काय सहन करावं हे ठरवणं सोपं आहे. म्हणून माझी मागणी दाखवण्याबद्दल नाहीच, जपण्याबद्दल आणि सांगण्याबद्दल आहे. मूळ आवृत्ती प्रौढ, अभ्यासक, चाहते यांना विकत किंवा ग्रंथालयात मिळावी, मुलांच्या वाहिनीवर ती नसली तरी चालेल, आणि जी आवृत्ती दाखवाल तिच्यावर ती कितवी आहे हे लिहावं. वंशभेदाचा अभ्यास करणाऱ्या काळ्या संशोधकालाही पुरावा लागतो. स्टुडिओने तो स्वतःच्या हाताने रंगवून टाकला तर उद्या निषेध करणाऱ्याकडे दाखवायला उरणार काय? मॅमी गोरी करून टाकली की तिच्याविरुद्धचा लढाही गोष्टीतून जातो. ज्यांनी ती काढायला लावली त्यांचं यशसुद्धा पुसलं जातं.

आपल्याकडे हा वाद आला की चर्चा लगेच ‘बंदी घाला’ आणि ‘आमच्या बालपणाला हात लावू नका’ या दोन टोकांवर जाऊन बसते. दुसऱ्या टोकावरच्या मंडळींना एवढंच सांगावंसं वाटतं, की तुमच्या बालपणाला हात साठ वर्षांपूर्वीच लागून गेला आहे. तुम्ही ज्याला मूळ म्हणून जपताय ते कदाचित सीबीएसच्या सोयीसाठी रंगवलेलं चित्र आहे, किंवा टर्नरच्या काळातला दुसऱ्याच बाईचा आवाज.

रँडॉल्फ पुढेही काम करत राहिली. 1977च्या ‘रूट्स’ या गुलामगिरीवरच्या गाजलेल्या टीव्ही मालिकेत ती आहे, तिथे चेहऱ्यासकट आणि नावासकट. टॉम अँड जेरीच्या नव्या प्रती जेव्हा जेव्हा निघतात तेव्हा रंग उजळले जातात, ओरखडे काढले जातात, सुरुवातीच्या पाट्याही नव्याने बसवल्या जातात. त्या पाट्यांवर ‘आवाज: लिलियन रँडॉल्फ’ एवढी ओळ वाढवायला हक्कदार कंपनीला कोणाची परवानगी लागत नाही. एकेका चौकटीतून बाई पुसून तिथे दुसरी बाई काढण्याइतका वेळ आणि पैसा त्यांच्यातल्याच कोणाकडे तरी एकदा होता.